पत्रात न आलेलं नाव

दिवाळीचा पाडवा होता आणि पणदऱ्याला आमचं गुऱ्हाळ नुकतंच पेटलं होतं. चौतीस साल असेल, नाहीतर पस्तीस… मी कोटाच्या खिशात एक कागद घेऊन चिपाडांच्या ढिगावर पडलो होतो.

कागद म्हणजे कॉलेज बदलण्याचा अर्ज. फर्स्ट इयरची पहिली टर्म संपली होती आणि मला पुणं सोडून सांगलीला जायचं होतं. तिथे माझा आतेभाऊ शिकत होता. टर्म उघडल्यापासून आठ दिवसांत अर्ज द्यायचा आणि त्यावर वडिलांची सही, नाहीतर अंगठा हवा.

पुण्यात मला कुणी छळलं वगैरे नाही हं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून मी ‘हितं’ म्हणालो आणि मागची बाकं हसली, इतकंच. तेव्हा तोंडाला कुलूप घातलं ते चार महिने उघडलंच नाही. खाणावळीत भिंतीकडेला बसायचं, खाली मान घालून जेवायचं आणि उठायचं.

संध्याकाळी मात्र कालव्यावर जायचो. पाण्यात पाय सोडून बसलं की वाटायचं, हे पाणी असंच वाहत वाहत आपल्या उसात जाईल… हा कालवा मुठेचा, आमचा नीरेचा, दोघांची गाठ पडत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी रोज त्यात एक पान सोडायचो आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत बसायचो.

घरी यातलं काही कळवलं नव्हतं. कळवणार कसं? आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षर येत नव्हतं. माझं कार्ड आलं की ते शाळेच्या मास्तरांना बोलावून अंगणात वाचून घेत, आणि ऐकायला अर्धी आळी. कॉलेजात गेलेला गावातला पहिला मुलगा मी, बारामतीच्या स्टेशनावर हार घालून पाठवलेला… त्यामुळे दर कार्डात ‘मी मजेत आहे’.

काहिलीतला रस उकळत होता. वाफेत आबा दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. त्या गोड वासात सगळं जग जरा लांब गेल्यासारखं वाटत होतं. म्हणूनच बोलायचा धीर झाला असावा.

“आबा, पुण्यात न्हाय करमत. सांगलीला जाऊ का?”

आबांनी झाऱ्यावरची मळी निथळू दिली. मला वाटलं, आता भडकणार.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “तुज्या कार्डात समद्यांची नावं आस्त्यात. ढवळी गाय व्याली का, धनाजीचा पाय बरा हाय का, हिरीला पाणी किती. पर पुण्याच्या एका पोराचं नाव आजून आलं न्हाय. मला वाटलं, मास्तरच वाचताना गाळत्यात. दोनदा वाचाय लावलं.”

चार महिने मी मोठ्या हुशारीने लिहीत होतो, आणि अक्षर न येणाऱ्या माणसाने न लिहिलेलं सगळं वाचलं होतं.

“आण तुजा कागूद.” शाई कुठली तिथे! चुलाणाच्या तोंडाशी जमलेल्या काजळीत त्यांनी अंगठा फिरवला आणि मी दाखवलेल्या जागी उठवला.

“जा सांगलीला. मी आडवत न्हाय. पर जायच्या आदी तितलं एक नाव कळव. चार म्हैनं ऱ्हायलास, मोकळा नगं येऊस.”

सुट्टी संपली. बारामतीहून दौंडला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी रमतगमत जायची की डुलकी लागली तरी जागा होईपर्यंत तेच शेत खिडकीत असायचं… समोर आमच्याच होस्टेलातला एक मुलगा बसला होता. इस्त्रीचा कोट, मोजकं बोलणं. टर्मभर मी त्याला पुण्याचा शिष्ट समजून टाळलं होतं.

गाडीने गचका दिला, त्याचं गाठोडं सुटलं आणि त्यातले पेरू गाडीच्या डब्यात सगळीकडे घरंगळले.

“आरं आरं, समदं गेलं की!” तो ओरडला.

मी बाकाखालून पेरू गोळा करता करता थांबलोच. “कुठला रं तू?”

“वरकुट्याचा. रंगनाथ.” मग तो माझ्याकडे बघतच राहिला. “मी तुला पुण्याचा समजत हुतो!”

दौंड येईपर्यंत आम्ही हसत होतो. दोघांनीही चार महिने एकमेकांच्या भीतीने तोंड बंद ठेवलं होतं.

पुण्याला पोचल्या पोचल्या कार्ड टाकलं, ‘आबा, एक नाव. रंगनाथ, मुक्काम वरकुटे, तालुका इंदापूर.’ अर्ज खिशातच होता. उत्तर आलं की देऊ म्हणत थांबलो.

सातव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर मास्तरांचं, बोलणं आबांचं. ‘नाव पोचलं. गुऱ्हाळावर समद्यांना ऐकवलं. पर वरकुट्याचं म्हंजी आपल्यातलंच झालं, अर्दंच धरतो. आता पुण्यातलं एक कळव.’

रंगनाथला वाचून दाखवलं तर तो पोट धरून हसला. त्या दिवशी खाणावळीत आम्ही भिंतीकडेला न बसता मधल्या पंगतीत जाऊन बसलो. शेजारच्याला मी नाव विचारलं, आणि विचारताना ‘हितं’ म्हणालो. तो हसला नाही. वाटी सरकवून त्याने जागा करून दिली.

आठवा दिवस कधी गेला ते कळलंच नाही.

तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. तारखेची जागा कोरी आहे, खाली काजळीचा अंगठा… आबा, नावं आता पुष्कळ झाली.