चाळीस सेकंद

आमच्या ह्यांना गोल्फ क्लबात सगळे ‘झालंच’ म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. यांच्यासाठी कुणी दोन क्षण थांबलेलं दिसलं की यांच्या तोंडून आपोआप निघतं, “झालंच, झालंच.” बुटाची नाडी बांधताना झालंच, जेवताना झालंच, न्हाणीघराच्या दाराला कुणाचा नुसता धक्का लागला तरी आतून अंगावरच्या साबणानिशी झालंच. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, काय चपळ माणूस मिळालाय. मग कळलं की चपळबिपळ काही नाही, स्वभाव घाबरट आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, पाठीमागे बोलत नाही.

एकतीस वर्षं हे कॅडी होते. खेळणाऱ्याची काठ्यांची जड बॅग खांद्याला लावून अठरा भोकांचं मैदान त्याच्याबरोबर तुडवायचं, कुठली काठी घ्या ते सांगायचं, झुडपात गेलेला चेंडू हुडकायचा. शेवटी ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं तिथे, उतार कुठे आहे ते सांगून बाजूला व्हायचं. बाजूला म्हणजे असं की आपली सावलीसुद्धा कुणाच्या वाटेत पडता कामा नये. गवताचा उतार ओळखण्यात यांचा हात धरणारं क्लबात कुणी नाही. एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई येतात, त्या तर यांच्याशिवाय खेळायलाच निघत नसत. हे खाली वाकून बघणार, “बाई, डावीकडे दोन बोटं, आणि हळू,” म्हणणार, आणि बाईंचा चेंडू बिनबोभाट भोकात. मी हे सगळं खिडकीतून बघितलेलं आहे. मी त्याच क्लबात टॉवेलांच्या खोलीत कामाला आहे. धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या, आणि खिडकीसमोर सरावाचं ग्रीन.

गेल्या वर्षी यांचे गुडघे गेले. अस्थितज्ज्ञाने एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून सांगितलं की चाला, खेळा, पण ओझं घेऊन चालणं बंद. आता कॅडीने ओझं घेऊन चालायचं नाही तर करायचं काय? मॅनेजर माणूस तसा बरा. तो म्हणाला, नवशिक्यांना शिकवायला एक माणूस हवा आहे, जागा तुम्हालाच देतो, पण शिकवणाऱ्याची परीक्षा पास व्हावी लागेल. अठरा भोकं ऐंशी फटक्यांत, एकही जास्त नाही. वर्षात तीनदा बसता येतं. नाहीच जमलं तर मग बघू, म्हणाला. ‘मग बघू’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळतो. बावन्नाव्या वर्षी, गुडघे गेलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतंय?

हे दोनदा बसले आणि दोनदा आपटले. एकदा चौऱ्याऐंशी, एकदा त्र्याऐंशी. लांबचे फटके यांचे बघत राहावेत असे. कॅडी लोक रिकाम्या वेळात खेळून खेळूनच तयार होतात, तसे हेही झालेले. पण ग्रीनवर पोचले की हातपाय गळायचे. पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात सारायची ती छोटी काठी, हातात घेतली की झालं. दोन हातांवर भोक, आणि चेंडू त्याच्या काठावरून पुढे. पहिल्या परीक्षेत असे सहा घालवले. त्यातले दोन तर आमच्या टॉवेलखोलीतल्या मावशींनीही पायाने ढकलले असते.

मग उपाय सुरू झाले. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला आहे, ती फोनवर व्हिडिओ पाठवायची. काठी अशी धरा, उलटी धरा, श्वास सोडताना मारा, मारताना डोळे मिटा. डोळे मिटून मारलेल्या चेंडूने आमच्या शोकेसची काच गेली. घरातल्या बोळात सतरंजीची पट्टी अंथरली, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला, आणि पहाटे मी उठायच्या आत टक् टक् सुरू. पेल्यात चेंडू पडायचा, दहातले दहा पडायचे. तरी ग्रीनवर गेलं की परत तेच. “हात माझं ऐकत नाही गं,” म्हणायचे. पुढेपुढे हे परीक्षेचा विषयच टाळायला लागले. तिसरी आणि शेवटची संधी दोन महिन्यांवर होती आणि हे मला विचारत होते की बाजारात गोदामाच्या दारावर बसायला माणूस घेतात का. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी क्लब बंद असतो आणि नोकरांना सरावाचं ग्रीन वापरायची मुभा असते. अशाच एका सोमवारी मी खिडकीशी घड्या घालत होते आणि उगीच मोजत होते. हे एकटेच. वीस चेंडू मारले, एकोणीस आत. मग माळीदादा गवत कापायचं यंत्र घेऊन आले आणि यांचं होऊ दे म्हणून कडेला उभे राहिले. चेंडू बाहेर. दुसरा, बाहेर. माळीदादा कंटाळून निघून गेले, लगेच आत, आत, आत. थोड्या वेळाने ऑफिसातल्या दोघी रस्त्याने जाताना थांबल्या. पुन्हा बाहेर.

मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण नवरा कळतो. मी टॉवेल ठेवला, खाली गेले आणि ग्रीनच्या कडेला नुसती उभी राहिले. यांनी वर बघितलंही नाही. “झालंच,” म्हणाले आणि मारला. दीड हातावरून चुकला.

“काय झालंच?” मी म्हटलं. “मी तुम्हाला बोलावलंय का?”

“तू उभी आहेस ना.”

“मग? माझे पाय आहेत, मी उभी राहीन. तुम्ही चेंडूकडे बघून मारता की माझ्या चपलांकडे?”

हे काठी टेकून म्हणाले, “थांबलेलं माणूस दिसलं की मला राहवत नाही. कामावर लागलो त्या दिवशी मुकादमाने पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं. आपल्यामुळे कुणी थांबता कामा नये. खेळणारा थांबला तर चूक कॅडीची.”

“आता तुम्ही कॅडी आहात का?”

“मग कोण आहे?” हे अगदी साधेपणाने म्हणाले आणि पुढचा चेंडू लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हात पुसायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारून घेतलं की चेंडू मारायला माणसाला वेळ किती मिळतो. त्या म्हणाल्या, आपली पाळी आली की चाळीस सेकंद, नियमातच सांगितलंय. पुढच्या सोमवारी मी खिडकीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत यांना मोजलं. माणूस कडेला असला की सहा सेकंद. एकदा तर चारच. घरी आल्यावर मी विचारलं, “उरलेले चौतीस सेकंद कुणाला वाटून आलात?” यांना चाळीसचा नियम पाठ होता. इतकी वर्षं दुसऱ्यांना हे स्वतःच तो सांगत आले होते, सावकाश घ्या, घाई नाही म्हणून. तो आपल्यालाही लागू आहे हे काही यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी माणसं गोळा केली. मावशी, माळीदादा आणि मी, तिघं. दर सोमवारी, आणि मॅनेजरला विचारून रोज काम सुटल्यावर अर्धा तास, आम्ही ग्रीनच्या कडेला उभं राहायचं आणि यांच्यासाठी ताटकळायचं. तेवढंच काम. माळीदादा यंत्र चालूच ठेवायचे. मावशींना उसासे टाकायची देवाने कलाच दिलेली आहे, त्या एक एक असा सोडायच्या की मलासुद्धा वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि मी तीस मोजून ‘हं’ म्हणेपर्यंत यांनी मारायचं नाही. खाली वाकून उतार बघा, मागे जाऊन बघा, नुसते उभे राहा, पण मारायचं नाही.

पहिल्या दिवशी यांचा शर्ट पाठीला चिकटला. दहाव्या सेकंदाला म्हणाले, “त्यांना जाऊ दे गं, त्यांची कामं खोळंबलीत.” मी म्हटलं, “त्यांना मी बोलावलंय, त्यांचं मी बघते.” पंधराव्याला यांनी मारूनच टाकला. चेंडू माळीदादांच्या बुटाला लागला. माळीदादांनी तो उचलून परत दिला आणि काही बोलले नाहीत, त्यानेच यांना जास्त लागलं.

घरीही मी सोडलं नाही. मी पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि यांनी नाड्या सावकाश बांधायच्या. एकदा त्यात बस चुकली. मी जेवण आटोपून ताटावर बसून राहायची आणि यांनी घास चावून खायचा. मुलगी फोनवर म्हणाली, आई, बाबांना छळू नकोस. तिला काय जातंय सांगायला? दिवसभर उभं राहून माझ्याही पोटऱ्या भरून यायच्या, घरी जाऊन आडवं व्हावं असं वाटायचं, आणि मी त्या गवताच्या कडेला उभी राहून तीस मोजत असायची.

चौथ्या आठवड्यात यांनी पटर टाकून दिला आणि खाली बसले. “सोड मला,” म्हणाले. “मला नाही जमत. मी दमलोय. आजचा नाही दमलो, पहिल्यापासून दमलोय.”

“मीही दमलेय,” मी म्हटलं. “उठा.”

त्या शब्दाचा मला आजही अभिमान वाटत नाही. जवळ जाऊन बसायला हवं होतं. पण बसले असते तर मीही उठले नसते, हेही तितकंच खरं.

हे उठले. त्या दिवशी काही नीट झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण पाचव्या आठवड्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी तीस म्हणते तेव्हा हे अजून उतारच बघत असतात. मावशींनी ठेवणीतला खोकला काढला, यांनी मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, परत खाली घातली आणि सावकाश चेंडू आत सारला. खोकला फुकट गेला म्हणून मावशी दोन दिवस फुगून होत्या.

परीक्षेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अठराव्या ग्रीनच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले. यांच्याबरोबर दोन तरुण उमेदवार होते आणि कागद घेतलेला एक परीक्षक. पोरं पुढे आली, मागून हे, गुडघ्यावर हात दाबत. परीक्षकाच्या कागदावरचे आकडे मला दिसत नव्हते, पण यांनी माझ्याकडे बघून एकदा मान हलवली त्यावरून कळलं की बात अजून हातात आहे. नंतर समजलं, तोवर एकोणऐंशी झाले होते. चेंडू भोकापासून तीन हातांवर. एका फटक्यात आत गेला तर पास, नाहीतर संपलं.

पोरांची आपापली पाळी आटपलेली. एकाचं काही जमलं नव्हतं, तो बॅग बांधून निघायच्या तयारीत. दुसऱ्याला न्यायला गाडी आली होती आणि रस्त्यावरून हॉर्न वाजत होता. परीक्षकाने घड्याळ बघितलं. दोरीमागे आणखी पाचसातजण, सगळे यांच्याकडे बघत. मनातल्या मनात मी मोजायला लागले.

यांनी पटर घेतला. खाली वाकले, गुडघा कटकन वाजला असणार, चेहऱ्यावर दिसलं. सात. आठ. उठले आणि भोकाच्या पलीकडे जाऊन तिकडून बघितलं. चौदा. पुन्हा हॉर्न. चेंडूपाशी येऊन उभे राहिले, काठी टेकवली, आणि मला वाटलं आता मारणार. तेवढ्यात त्या पोराने बॅगेची चेन ओढली. यांनी काठी उचलली आणि मागे सरकले. बावीस. इतक्या वर्षांत मी यांना कुणासाठी मागे सरकताना हजारदा बघितलंय, पण स्वतःसाठी पहिल्यांदाच बघत होते. परत पुढे आले. पाय लावले. एकतीस. बत्तीस. छत्तीसला यांनी मारला, अगदी हळू, आणि चेंडू गेला, डावीकडून वळला आणि आत पडला.

परीक्षकाने हात मिळवला, कागदावर सही केली. मावशी टॉवेलखोलीच्या खिडकीतून हात हलवत होत्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग आनंद व्हायला हवा होता तो काही केल्या होईना.

हे दोरीखालून वाकून आले आणि मागच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. गुडघा चोळत राहिले. मला वाटलं, दम खातायत.

“कुणीच काही बोललं नाही गं,” म्हणाले.

“कशाबद्दल?”

“मी एवढा वेळ घेतला. सगळे थांबले होते. तो घड्याळ बघत होता, गाडी थांबली होती. मारल्यावर वाटलं, आता बोलतील. पण कुणी काहीच बोललं नाही.”

“बरं झालं की मग.”

“हो,” म्हणाले. हातातला चेंडू बघत राहिले. “म्हणजे आधीही, एवढी एकतीस वर्षं, कुणी काही बोललं नसतं.”

पास झालेल्या नवऱ्याच्या शेजारी बसून मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि माझं आवरेपर्यंत हे बसून राहिले.