चमकपट्टीवरची हळद

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सांगितली असती तर ती म्हणाली असती, "अहो, मग तेव्हाच तोंड का नाही उघडलं?"

चिक्कडपल्लीहून रोज बसचे धक्के खात मी शहराबाहेरच्या एका लहान धावपट्टीवर कामाला जातो. तिथे मुलं विमान चालवायला शिकतात. धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला दिवे नाहीत, चमकपट्टी लावलेले निळे खुंट आहेत. विमानाचा उजेड पडला की ते चमकतात आणि वाट कळते. त्यांची देखभाल माझ्याकडे. धूळ बसते, गवत चढतं, गवत कापणारे खुंटच आडवे करतात. वैताग नुसता!

खंडेनवमीला आम्ही अवजारं पूजतो. मीच हौसेनं नाल्याजवळच्या वळणावरच्या खुंटांना तेलात कालवलेली हळद लावली, तीही थेट चमकपट्टीवर. पुढे नारळ ठेवला. संध्याकाळी हळद पुसायची, ते साफ विसरलो.

अंधारात एक शिकाऊ मुलगा विमान घेऊन वळणाकडे निघाला आणि तिथे एकही खुंट चमकेना. मी लांब होतो, धावूनही वेळेत पोचलो नसतो. "आई भवानी, आता तूच," एवढंच तोंडून निघालं. तेवढ्यात वळणावर काहीतरी लख्ख चमकलं. विमान नाल्याच्या काठाशी थांबलं.

धावत गेलो. गवत कापणारी यादम्मा उभी होती, अंगात चमकपट्टीचं जाकीट.

"अगे, तू घर नहीं गई?"

"क्या साब, पूजा का नारियल वैसाच छोड़ के जाना? जाकीट निकाली तो तुम चिल्लाते, बोलके पहनीच रही."

साहेब येईपर्यंत मी बाहीनं हळद पुसून टाकली होती. विमान का थांबलं, तर मध्ये बाई आली म्हणून, असं ठरलं. "न विचारता शिरली," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

ती देवीच होती का, याचा वाद मी घालत नाही. हाक मारली आणि त्या जागी माणूस उभं होतं. तो मुलगा जिवंत आहे, याबद्दल रोज हात जोडतो. पण जोडता जोडता स्वतःचीच चीड येते. मदत मागितली मी, आणि आली तेव्हा तिलाच फाटकाबाहेर घालवलं! वर देवघरात म्हणतो, सगळं तुझ्यावर सोपवलं. स्वतःची लबाडी तेवढी जवळ ठेवून कसलं सोपवणं?

साहेबांना खरं सांगायचं आणि यादम्माला तिचं काम परत मिळवून द्यायचं, हे माझ्याकडून अजून बाकी आहे.