बिनआरशांची गाडी

"मागे बघायचं असतं तर घरीच बसलो असतो," असं म्हणून ते मोटरसायकलचे दोन्ही आरसे काढून ठेवायचे. नवी गाडी आली की हार घालायच्या आधी आरसे उतरायचे. मागच्याने आपली काळजी आपण घ्यावी, हे त्यांचं धोरण.

तुमच्याही सोसायटीत असे एक गृहस्थ असतील. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी परदेशात. मला ते आवडत नव्हते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण ते स्वतः गेलेल्यांनाही सोडत नसत.

पार्किंगमध्ये भेटले की म्हणायचे, "बाई, काल आपण गाडी चालवत होतात की ढकलत होतात?"

मी म्हणायची, "काका, तुम्हाला कसं दिसलं? आरसे तर नाहीत."

यावर ते हेल्मेटची काच खाली ओढायचे. संभाषण संपलं.

तरीही मी आणि रफीक त्यांच्याबरोबर मोटरसायकलवर किर्गिझस्तान-ताजिकिस्तान फिरायला गेलो. रफीक माझ्याच कॉलेजात चित्रकला शिकवतो, दोन गल्ल्या सोडून राहतो, आणि त्याला कोणाचाच राग येत नाही. त्याचा हा दोष मी बरीच वर्षं सहन करते आहे. काका त्या डोंगरांतून आधी एकदा जाऊन आले होते, म्हणून पुढारीपण आपोआप त्यांच्याकडे गेलं.

ओश शहरात भाड्याने गाड्या घेतल्या. काकांनी तिथेही पाना काढून आरसे उतरवले आणि गाडीवाल्याच्या हातात ठेवले. तो बिचारा आपल्या भाषेत काहीतरी विनवत राहिला. काका त्याला शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण सांभाळा. आम्हाला नकोत."

औषधांची पिशवीही त्यांनी आपल्याच पेटीत भरली. "सामान एकाच्या ताब्यात असलं की गोंधळ होत नाही." मी म्हटलं, मग निदान प्रत्येक वळणावर थांबू, मागचा दिसला की पुढे जाऊ. सगळे फिरणारे असंच करतात.

"ही काय शाळेची सहल आहे?"

सीमा ओलांडल्यावर तिसऱ्या की चौथ्या घाटात रफीकची गाडी खडीवरून घसरली. तो डाव्या मनगटावर पडला. हात भलतीकडेच वळला होता. काकांचा धुरळा पुढच्या वळणावर दिसत होता, मग तोही दिसेना. मी हॉर्न वाजवला, ओरडले, पण वारा माझंच ओरडणं माझ्या तोंडावर आणून टाकत होता. औषधं त्यांच्या पेटीत. मी तंबूची काठी आणि माझी ओढणी घेऊन त्याचं मनगट बांधलं. ओठ पांढरे पडले होते, तरी रफीक म्हणत होता, "येतील गं. कळेल त्यांना."

ते आले नाहीत. शेवटी मेंढ्या नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने रफीकला वर घेतलं. ट्रकच्या मागोमाग मी पुढच्या गावात पोचले, तर काका एका घराच्या ओट्यावर बसून चहा पीत होते.

"आलात? चहा दोनदा गरम करायला लावला मी."

मग त्यांना तो हात दिसला. पेला खाली ठेवून ते उठले, पेटी उघडून औषधांची पिशवी घेऊन आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "आता तुमच्याकडेच ठेवा ती."

त्यांनी एक शब्द काढायला हवा होता. चुकलं. एवढंच. तो त्यांनी तिथे काढला नाही, विमानात काढला नाही, रफीकच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात तासन्‌तास बसूनही काढला नाही. मनगट जुळलं, पण पकडीतली ताकद गेली. क्लच दाबता येईना. रफीकचं गाडी चालवणं सुटलं. मी काकांशी बोलणं बंद केलं.

काही महिन्यांनी त्यांच्या गाडीला आरसे दिसले. दोन्ही, नवे कोरे. जित्याची खोड अशी जाते होय, म्हणून मी नाक मुरडलं. मग दर रविवारी सकाळी ते रफीकला मागे बसवून लोणी काळभोरच्या बाजूला उसाचा रस प्यायला नेऊ लागले. मला रफीकचाच राग आला.

"कधी म्हणाले का तुला, चुकलं म्हणून?" मी विचारलं.

"नाही."

"मग जातोस कशाला?"

"रस चांगला असतो," रफीक म्हणाला.

या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. मुलगी आली, सगळं आवरलं, आणि जाताना गाडीची किल्ली रफीकच्या हातात देऊन गेली. त्याला चालवता येत नाही, म्हणून गाडी त्याच्या घरी न्यायला मी बसले. सवयीने तो मागे बसला.

उजव्या आरशात रस्ता दिसत होता. डावा पार आत वळवलेला होता, रस्त्याचा त्यात मागमूस नव्हता. त्यात फक्त रफीकचा चेहरा होता, अगदी समोर.

"हा असा कसा?" म्हणून मी आरशाला हात घातला.

"राहू दे," रफीक म्हणाला. "ते चालवताना सारखं त्यातच बघायचे. मीच सांगायचो, काका, पुढे बघा."

तो शब्द त्यांनी काढायलाच हवा होता. अजूनही माझं तेच म्हणणं आहे, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. पण आरसा मी तसाच ठेवला, आणि दोन गल्ल्यांचं अंतर हळूहळू गेले.