हालिनाने परत आणलेला डबा

बत्तीस वर्षांपूर्वी जर्मनीत उतरलो, त्या दिवशी ह्यांनी आणि मी स्टेशनच्या बाकावर बसून एकाच डब्यातला दहीभात खाल्ला होता. आम्हाला घ्यायला कुणी आलं नव्हतं.

म्हणून काल आपल्या मराठी ग्रुपवर युक्रेनहून आलेल्या निर्वासितांच्या मदतीवरून कुणीतरी लिहिलं, "आपण आलो तेव्हा कोण उभं होतं हो?" तेव्हा मला राग आला नाही. खरंच कुणी नव्हतं.

पण परवा आमच्या खालच्या मजल्यावर युक्रेनची हालिना आईवडिलांना घेऊन राहायला आली. मी त्याच डब्यातून शिरा नेऊन दिला.

आज ती डबा परत द्यायला आली. आत खारवलेल्या काकड्या होत्या. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "आई म्हणते, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं."

माझी आईही हेच सांगायची.

हे गेल्यापासून पोस्टमनशिवाय माझी बेल कुणी वाजवली नव्हती. हालिना तासभर बसली.

रविवारी तुम्ही सामान गोळा करताय ना? ह्यांचा जाड कोट तिच्या वडिलांना द्या, शिलाई मशीन आईला. हे जड सामान माझ्याकडून खाली न्यायला याल तेव्हा चहा घेऊनच जा. डबा मात्र इथेच राहू दे. तो उद्या भरून खाली जायचा आहे.