गेट नंबर एकचे मामा

आजवर जगात जेवढ्या माणसांनी हातात बंदूक धरली असेल, त्या सगळ्यांत सभ्य माणूस म्हणजे आमचे सासरे. हे विधान मी जावई म्हणून करत नाहीये. जावई म्हणून मी काय बोलायचं ते बायको ठरवते. हे मी सांगतोय त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला आणि त्यांच्याच गोळीने दोनदा मेलेला सहकारी म्हणून. दोन्ही वेळा चूक माझी होती. मी गेटमधून न विचारता आत आलो होतो.

गोष्ट कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या बंदुकीच्या गेमची आहे. नाव सांगत बसत नाही. ज्यांनी तो खेळलाय त्यांनी एव्हाना ओळखला असेल, आणि ज्यांनी खेळला नाही त्यांना नावाचा काही उपयोग नाही. उन्हाने भाजलेलं, पिवळ्या भिंतींचं एक गाव, त्यात लाकडी खोकी रचलेली. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. त्यांनी बॉम्ब लावायचा, आपण लावू द्यायचा नाही. त्यासाठी गावात शिरायच्या दोन वाटा राखायच्या. मेलात तर पुढचा डाव सुरू होईपर्यंत गप्प बघत बसायचं. एवढाच खेळ. आम्ही डोंबिवलीला कॉलेजात असताना एका गाळ्यातल्या सायबर कॅफेत बसून तो शिकलो, आणि आता केस पांढरे झाले, पोटं सुटली, तरी दर रविवारी सकाळी अकराला ज्याच्या त्याच्या घरून तोच खेळतो. माझा मित्र पक्या आता एका बँकेत मॅनेजर आहे. आठवडाभर लोक त्याच्यासमोर हात बांधून उभे असतात आणि रविवारी तो खोक्यामागे लपून 'वाचवा रे' म्हणून ओरडत असतो. आमच्यातला पाचवा कॅनडाला गेला आणि आमचं चौघांचंच रडगाणं उरलं. तेवढ्यात सासू-सासरे आमच्याकडे ठाण्याला घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर राहायला आले.

आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा एकतीस वर्षं कल्याणजवळ मोहने गावातल्या कंपनीत मेन गेटला सिक्युरिटीत होते. कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली, मामांचे गुडघेही बोलायला लागले, म्हणून माझ्या बायकोने दोघांना उचलून थेट अठराव्या मजल्यावर आणलं. पहिले दोन महिने मामा बाल्कनीत उभे राहून खालच्या सोसायटीच्या गेटवरच्या चुका काढत होते. 'त्या गाडीला सोडलं. डिकी उघडायला लावली न्हाई,' असं ते हळहळून सांगायचे, आणि मामी चहा ठेवत म्हणायच्या, 'तुमची हाय का ती गाडी?' अशाच एका रविवारी ऐन डावात आमच्या दाराची बेल वाजली. मी माऊस मामांच्या हातात दिला आणि म्हणालो, 'मामा, काही करू नका. नुसतं या दरवाजाकडे बघत उभे राहा. कुणी आलं तर हे बटण दाबा.' या सूचनेने दुसऱ्या कुणाचा अपमान झाला असता. मामांनी मान डोलावली, पाठ ताठ केली आणि उभे राहिले. मी कुरिअर घेऊन परतलो तोवर समोरचे पाचच्या पाच जण दरवाजात आडवे झाले होते. हेडफोनमधून पक्या किंचाळत होता, 'अरे, तू आहेस का तुझ्यात कोण शिरलंय?'

त्याच संध्याकाळी मी माझा जुना लॅपटॉप हॉलमध्ये मांडून दिला आणि मामा आमचे पाचवे झाले. तेव्हापासून रविवारी साडेदहाला त्यांची दाढी झालेली असते, शर्ट आत खोचलेला असतो, कमरेला पट्टा आणि पायात मोजे असतात. 'मामा, यात आपण कुणाला दिसत नाही,' असं मी एकदा सांगून पाहिलं. 'माहितीय,' ते म्हणाले, 'पण ड्युटी हाय.' अकराला दहा कमी असताना ते माईकवर सगळ्यांना 'जय भीम' घालतात, आम्ही चौघे चार घरांतून 'जय भीम, मामा' म्हणतो, आणि हजेरी पूर्ण होते. उशिरा येणाऱ्याला ते काही बोलत नाहीत, फक्त किती मिनिटं उशीर झाला तेवढं सांगतात. एवढ्यावर पक्यासारखा माणूस सुधारला. त्याच्या आईला हे वीस वर्षांत जमलं नव्हतं.

मामांची जागा एकच. गावाच्या एका टोकाला लाकडी, दोन झडपांचा दरवाजा आहे, त्याच्या आत डाव्या हाताला. मामांनी त्याचं नाव ठेवलं गेट नंबर एक. आम्ही कॉलेजपासून त्या गावातल्या गल्ल्याबोळांना इंग्रजी नावांनी ओळखत आलो होतो, ती मामांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी आपल्या सोयीने कंपनीतली नावं पाडली. दरवाजाजवळचा कोपरा हजेरीचं टाइम ऑफिस झाला, मधला चौक कँटीन, खोक्यांची रास भंगार यार्ड आणि पलीकडचं भुयार मागचं गेट. महिन्याभरात आम्ही सगळे तीच नावं घ्यायला लागलो, शत्रूलाही मामांसारखं 'पार्टी' म्हणायला लागलो. 'कँटीनजवळ दोन पार्टी!' असं पक्या बँकेतल्या गंभीर आवाजात ओरडतो. पक्याने मोहने जन्मात पाहिलेलं नाही, पण त्या काळी त्याचे डोळे बांधून कंपनीत सोडला असता तर तो टाइम ऑफिसातून निघून सरळ कँटीनपर्यंत गेला असता आणि वाटेत कुणाला धडकला नसता.

नियम मात्र मामांचे स्वतःचे. समोरून शत्रू आला की आधी 'कोण हाय रे? कुठं चाललात?' असं विचारल्याशिवाय गोळी नाही. हे त्या बिचाऱ्याला ऐकू जात नाही, तरी विचारायचं. पाठमोऱ्या माणसावर तर मुळीच नाही. एकदा आम्ही चौघेही मेलेलो, शत्रू एकटाच उरलेला आणि भंगार यार्डात पाठ करून बॉम्ब लावत बसलेला. मामा त्याच्या मागे चार पावलांवर उभे. आम्ही चार घरांतून 'मारा मामा, मारा!' म्हणून बोंबलतोय, माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आलीय, आणि मामा शांतपणे म्हणतायत, 'वळू तर द्या त्याला.' तो वळला. पण बॉम्ब लावून वळला. दुसऱ्या एका रविवारी समोरच्या टोळीतला कुणीतरी परदेशी माणूस हरायला लागल्यावर दोन्ही बाजूंना ऐकू जाणाऱ्या माईकवर घाणेरड्या इंग्रजी शिव्या द्यायला लागला. मामांना इंग्रजी शिव्या कळतात, कंपनीत साहेब लोक होते. त्यांनी एकदाच तो माईक उघडला आणि विचारलं, 'बेटा, खाना खाया क्या?' तो नंतर डावभर गप्प होता. बहुधा खाल्लं नसावं.

बंदुकीवर मामांचा भारी जीव. कंपनीने त्यांना बारा बोअरची बंदूक दिली होती. दर सोमवारी ती तेल लावून पुसायची, खांद्याला लावायची, आणि एकतीस वर्षांत ती एकदाही उडाली नाही. 'हितली उडते,' असं त्यांनी पहिल्या आठवड्यात मामींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. 'आवाज बी येतो.' मामींनी सांगितलं की आवाज त्यांना शेजारच्या खोलीत ऐकू आला, शेजारच्या फ्लॅटमध्येही गेला असावा, आता जेवायला या.

'वीस वर्षं तेच गाव, तीच खोकी. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही रे?' असं माझी बायको मला नेहमी विचारते, आणि मी नेहमी काहीतरी विद्वान उत्तर देतो. कौशल्य, एकाग्रता, सांघिक भावना वगैरे. खरं उत्तर मला माजिवड्याच्या सिग्नलला सुचतं. तिथे मी दर आठवड्याला चुकतो. कालचा वळसा आज बंद असतो, आजच्या रस्त्यात उद्या मेट्रोचा खांब उभा राहतो, आणि लहानपणापासून याच भागात राहिलेला मी खिडकी खाली करून रिक्षावाल्याला रस्ता विचारतो. त्या गेममध्ये मी कधी चुकलेलो नाही. खोकं जिथे होतं तिथेच आहे. आपण मात्र वयाने वाढतो, आपला हात मंदावतो, आणि तरीही त्या कोपऱ्याआड पाऊल टाकताना छातीत कॉलेजातल्याइतकंच धडधडतं. मामांना हे विचारलं तर ते म्हणाले, 'हितं माणसाला आपलं काम ठावं असतंय.' मला वाटतं, माझ्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा हे बरं.

आणि असं सगळं छान चाललेलं असताना पक्याला नवेपणाची उबळ आली. त्याच्या ऑफिसातली तरुण मंडळी एक नवा गेम खेळत होती, तो आपणही खेळू या, किती दिवस त्या पिवळ्या गावात सडायचं, असं त्याने ठरवलं आणि आम्ही मेंढरं त्याच्यामागून गेलो. त्या गेममध्ये शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, मिळेल त्या घरात शिरतात, सापडेल ते उचलतात आणि अधूनमधून नाचतात. मामा छत्रीने खाली उतरले. उतरल्याबरोबर त्यांनी विचारलं, 'माझी ड्युटी कुठं?'

'ड्युटी नसते मामा,' पक्या म्हणाला. 'पळायचं. घरांत घुसायचं. दिसेल ते उचलायचं.'

'असं करणाऱ्यांना आम्ही पकडून द्यायचो,' मामा म्हणाले.

तरी त्यांनी प्रयत्न केला. एक घर शोधलं, त्याच्या दाराशी उभे राहिले आणि कुणी येण्याची वाट बघत राहिले. कुणी आलं नाही. त्या खेळात बेटाभोवतीचं रिंगण आपोआप आवळत येतं आणि बाहेर राहील तो मरतो. मामा उभ्या जागी मेले. पुढच्या रविवारी ते म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही खेळा. दाढी मात्र साडेदहाला झालेली होती. दोन तास ते हॉलमध्ये पेपर धरून बसले आणि मी आत बेडरूममध्ये सशाचा पोशाख घातलेल्या माणसाच्या मागे धावत होतो. मला लाज वाटत होती, पण खेळ काही मी थांबवला नाही.

त्या आठवड्यात बुधवारी मामा घरात नव्हते. फोन टेबलावर, चप्पल नाही. बायको ऑफिसातून धावत आली, मामी दारात बसून होत्या, मी खाली दोन चकरा मारल्या. चारच्या सुमाराला मामा आले. हातात मोहन्याच्या बाजारातल्या सुकटीची पिशवी. माजिवड्याला बस बदलून कल्याण, तिथून रिक्षाने मोहने, आणि त्याच वाटेने परत, तेही त्या गुडघ्यांवर. बायको रागावली, मग रडली, मग तिने सुकट निवडायला घेतली. मामा बाल्कनीत उभे होते. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, 'कंपनीचं गेट काढलंय. टाइम ऑफिस पाडलं. सगळं सपाट केलंय. मी कुठं उभा राहायचो, तेच मला घावंना.'

मी आत जाऊन पक्याला फोन लावला. 'टाइम ऑफिस पाडलं रे,' मी म्हणालो.

पक्या दचकला. 'आपलं?'

'आपलं नाही. खरं.'

त्याने केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, 'रविवारी अकराला, जुन्या गावात. मी त्या दोघांना सांगतो.'

रविवारी साडेदहाला मी हॉलमध्ये गेलो आणि म्हणालो, 'मामा, अकराला जुन्या जागेवर यायचंय.' त्यांनी पेपरची घडी घातली. 'त्या छत्रीच्या उड्या न्हाईत ना?' 'नाहीत.' 'गेट हाय?' 'आहे.' 'बघून सांगताय, का उगाच?' 'बघून सांगतोय,' मी म्हणालो. मी सकाळी खरंच जाऊन बघून आलो होतो.

डाव सुरू झाला. मामा लगेच जागेवर गेले नाहीत. आधी त्यांनी सावकाश एक फेरी मारली. 'कँटीन हाय,' ते माईकवर म्हणाले. 'भंगार यार्ड हाय. खोकी हायती.' आम्ही चौघे चार घरांत एकेक नाव ऐकत होतो. मग ते लाकडी दरवाजाशी आले, आत डाव्या हाताला वळले आणि उभे राहिले. माझी आणि पक्याची नेमणूक मागच्या गेटवर असते. पण मी तिकडे गेलोच नाही, मामांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बघतो तर पक्या माझ्याआधी तिथे आला होता, आणि मागून उरलेले दोघेही आले. कुणी कुणाशी काही ठरवलं नव्हतं. पाच माणसं बंदुका रोखून एका बंद दरवाजाकडे बघत होती आणि तिकडे शत्रू मागच्या गेटने डुलत डुलत आत शिरला, त्याने ऐसपैस बसून बॉम्ब लावला आणि तो फुटलाही. गेट नंबर एकला मात्र धक्का लागला नाही.

'आरं, समदे हितं काय करताय?' मामा कडाडले. 'मागच्या गेटला कोण हाय?'

'कुणी नाही, मामा,' पक्या म्हणाला.

मग मामांनी आम्हाला झापायला सुरुवात केली. शिस्त, जबाबदारी, एवढे शिकलेले तुम्ही, एका जागी गर्दी करून गेट राखलं जातं का, एकतीस वर्षांत असला गलथानपणा पाहिला नाही. त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. इकडे हॉलमधून तो थेट येत होता आणि हेडफोनमधून पुन्हा एकदा येत होता. आम्ही चाळिशी ओलांडलेले चार बाप्ये निमूटपणे ऐकून घेत होतो. मी माईक बंद करून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. स्क्रीनवर पाहिलं, तर पक्यानेही माईक बंद केला होता.