गाईनंही तोंड न लावलेला गहू

अंबिका कोठीवाले हिला माधव नगरात ओळखत नाही असं मराठी घर नाही. कुणाकडे मंगळागौर असो की सत्यनारायण, प्रसादाच्या शिऱ्याला हात अंबिकेचा. पहाटे देवपूजा, मग विष्णुसहस्रनाम, आणि दुपारी हात पुसून वहीत चार ओळी. तिथी, उपास, काय शिजलं, कोण आलं, कोण गेलं. लग्न होऊन आली त्या सालापासूनच्या वह्या पत्र्याच्या पेटीत रचून ठेवलेल्या.

तिचे यजमान गोपाळकृष्ण फौजेत आचारी होते. कोठीवाल्यांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आले, तेव्हा त्यांच्याकडे धान्याची कोठी होती. शिधा मोजून द्यायचा, एवढंच काम. सासूबाई म्हणायच्या, सात पिढ्या आपल्या घरानं लोकांच्या पोटाची काळजी वाहिली, तलवार कुणी उचलली नाही. म्हणून निवृत्तीनंतर गोपाळकृष्णांनी टावर चौकाजवळच्या बँकेत दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी धरली, तेव्हा सगळे हसले. शेजारचे यशोधन रोज जाता जाता टोमणा मारत, "दादा, झारा बरा होता हो. यह क्या पकड़ लिया?" गोपाळकृष्ण हसून सोडून देत. पण झारा त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. घरी चहासुद्धा करत नसत. आणि पंगतीला तर बसतच नसत. लग्नकार्यात अहेर देऊन, हात जोडून, उपाशीच घरी. लोक म्हणत, फौजेतली शिस्त. अंबिकाही तेच म्हणे.

आता लोक त्यांना मानत कशामुळे, ते सांगितलं पाहिजे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांची पलटण शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली होती. त्या देशाचं नाव ते घेत नाहीत, म्हणून इथंही नको. तिथं भावाभावांत लढाई जुंपलेली. जगातल्या मोठ्या देशांनी त्या देशावर निर्बंध घातले होते. अंबिकेच्या भाषेत, हुक्का-पाणी बंद. बंदुका आत येऊ नयेत म्हणून. सव्वा वर्षानं गोपाळकृष्ण निळी टोपी आणि एक पदक घेऊन परत आले. अंबिकेनं दोन्ही देवघराशेजारच्या कपाटात काचेमागे मांडलं.

भजनी मंडळात बायकांनी विचारलं, तिकडे काय करायचे ग? अंबिका म्हणाली, आचारी माणूस काय करणार, भुकेल्यांना जेवू घातलं. तिला खरंच तसं वाटत होतं. नवऱ्यानं सांगितलं नव्हतं हे खरं. पण नाहीही म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या वाक्यात "रोज" आलं. त्याच्या पुढच्या वर्षी "पाचशे पान". वरणाला पाणी घालावं तशी गोष्ट वाढत गेली आणि वाढणारा हात अंबिकेचाच.

यंदा दत्तजयंतीच्या महाप्रसादाचं बोलायला उत्सव मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब घरी आले. गोपाळकृष्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरलं होतं. अन्नदान हाच विषय, मुलांना त्यांनी दोन शब्द सांगावेत. गोपाळकृष्ण म्हणाले, जमणार नाही. भय्यासाहेब म्हणाले, वहिनी, तुम्ही मनवा. अंबिकेनं चार दिवस मनवलं. पाचव्या दिवशी दुपारी अंगणात दोघं वटाणे सोलत बसली होती, तेव्हा ती जरा चिडूनच म्हणाली की चांगलं काम केलंत ते चारचौघांत सांगायला लाज कसली?

गोपाळकृष्णांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी तिकडे बाहेरच्या एकाही माणसाला जेवू घातलं नाही," ते म्हणाले. मग खाली मान घालून सगळं सांगितलं.

छावणीच्या तारेपलीकडे लढाईतून पळून आलेली हजारो माणसं ताडपत्र्या ठोकून राहिली होती. ती माणसं मारली जाऊ नयेत म्हणूनच शांतिसेना तिथं होती. त्यांचं धान्य दुसरी संस्था आणत असे. पण रस्ते बंद. बंदुका जंगलातून येतच राहिल्या आणि पिठाचे ट्रक मात्र दर चौकीवर तपासणीत अडकत. छावणीतला शिधा बाहेर द्यायचा नाही, असा नियम. कुणी आजारी पडलं तर ठपका, आणि एका बाजूच्या लोकांना दिलं की दुसरी बाजू म्हणणार, तुम्ही त्यांचे. ज्या मालाची तारीख उलटली तो नष्ट करायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. पहिल्या खेपेला तांदळाची आणि डाळीची पोती खड्ड्यात टाकून वर डिझेल ओतलं, माती लोटली. उजाडेपर्यंत खड्डा उकरलेला. लोकांनी धान्य धुऊन, वाळवून खाल्लं. काहींना जुलाब झाले. साहेब चिडले. पुढच्या खेपेला म्हणाले, कोठीवाले, तू आचारी आहेस. असं काही कर की कुणी तोंडाला लावणार नाही.

"मग मी केलं," गोपाळकृष्ण म्हणाले. "प्रत्येक पोतं उघडून आत फिनाईल कालवलं. हातानं कालवलं, पीठ मळावं तसं."

तारेपलीकडची एक बाई त्यांना रोज मूठभर वाळवलेली भेंडी द्यायची. तिच्या भाषेत काहीबाही बोलायची, गोपाळकृष्ण हिंदीत काहीबाही बोलायचे. ती भेंडी ते आमटीत टाकायचे. बदल्यात काही देता येत नसे. त्या दिवशीसुद्धा लोकांनी खड्डा उकरलाच. तिनं पातेलंभर तांदूळ नेला, तीनदा धुतला, शिजवला. मग ते पातेलं तसंच घेऊन तारेपाशी आली. रागावली नव्हती. पातेलं खाली ठेवलं, नाकाला हात लावला, आणि खुणेनं विचारलं, ह्यात काय घातलं की हा वास जातो?

"तिला वाटलं, मी आचारी. मला उपाय ठाऊक असेल."

अंबिकेनं विचारलं, तुम्ही काय सांगितलं? ते म्हणाले, हात हलवला. काही नाही, म्हणून. पुढं ती आली नाही. साहेबांनी मात्र शाबासकी दिली, त्यानंतर खड्डा कुणी उकरला नाही.

अंबिका वटाण्यांचं ताट घेऊन आत गेली. तिला पहिल्यांदा नवऱ्याचा राग आला, मग त्या साहेबांचा, मग नियम करणाऱ्यांचा. ओट्यापाशी उभं राहून वटाणे धुताना एकदम तिचा हात थांबला. फिनाईल. हे ह्यांना सुचलं कुठून?

पेटी उघडायला तिला तासभर धीर झाला नाही. वह्या उलटत गेली आणि ते पान सापडलं. तिचंच अक्षर, टापटीप.

"रविवार, आश्विन शुद्ध एकादशी. उपास. साबुदाणा, रताळी. विष्णुसहस्रनाम दोनदा. ह्यांचा फोन आला, आवाज साफ होता. धान्य नासवायचं कसं ते विचारत होते, तिकडे उंदीर फार झाले असावेत. फिनाईलची गोष्ट सांगितली. पुष्कळ हसलो."

फिनाईलची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सासूबाईंच्या काळात कोठीच्या खोलीत फिनाईलचा डबा कलंडला आणि गव्हाच्या पोत्यात झिरपला. गहू चारदा धुतला, आठ दिवस गच्चीवर वाळवला, दळून आणला. तरी पोळीला तो वास. शेवटी दारावर येणाऱ्या गाईपुढे ठेवला तर गाईनंही तोंड लावलं नाही, उलट दोन महिने आपल्या दाराकडे फिरकली नाही. अंबिका ही गोष्ट गाईची नक्कल करून सांगत असे. फोनवरही केली असणार.

ती वही घेऊन बाहेर आली. गोपाळकृष्णांनी पान वाचलं नाही, नुसतं पाहिलं.

"हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत."

"तुला काय म्हणायचं? तू उंदरांसाठी समजून सांगितलंस."

"मी विचारलंही नाही, कशाला हवंय म्हणून." तिनं वही मिटली. "तुम्हीही हसला होतात ना?"

"हसलो होतो."

धार्मिक बाईला पाप कळलं की ती आधी प्रायश्चित्ताकडे धावते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिका राम घाटावर गेली. तिथले मंदारगुरुजी त्यांच्या घरचं सगळं धर्मकार्य करत. तिनं निम्मं झाकून विचारलं की अजाणतेपणी अन्न नासवायला हात लागला, कुणी उपाशी राहिलं, तर काय करावं. गुरुजींनी सांगितलं, तीन दिवस एकभुक्त राहा, गोग्रास घाला, घाटावर अकरा गरिबांना जेवू घाला. आणि ती व्यक्ती गेली असेल तर तिच्या नावानं तीळपाणी सोडू. नाव-गोत्र तेवढं आणा, गोत्र नसेल तर काश्यप म्हणू.

अंबिका परत आली ती हलकी होऊन. क्षिप्रेत तोंड धुतलं होतं, कपाळाला गंध होतं. गोपाळकृष्ण बँकेत निघायच्या तयारीत, गणवेश चढवत होते. तिनं विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं हो?

त्यांचा हात बटणावर थांबला. "इतके महिने तिच्या हातची भेंडी खाल्ली. नाव नाही विचारलं."

मग तिनं तीळपाण्याचं सांगितलं. गोपाळकृष्ण तिच्याकडे बघत राहिले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तो त्यांनी आताही चढवला नाही.

"ती मेली असं कुणी सांगितलं तुला?"

अंबिकेनं पदरानं हात पुसले.

"जिवंत असेल. रोज चूल पेटवत असेल. तू तिला इथं बसून मारून टाकलीस, अकरा पानं वाढून मोकळी व्हायला."

ते गेले. अंबिकेनं कपाळावरचं गंध पुसलं. भय्यासाहेबांना फोन केला, सत्कार नको. ते हसले. म्हणाले, वहिनी, फौजी माणसं अशीच असतात, नम्र. पत्रिका छापून झाल्यात. अंबिका म्हणाली, नम्रता नाही हो, ती गोष्टच खरी नाही. ते म्हणाले, बघू, बघू.

गुरुवारी भजन आटोपल्यावर तिनं वही काढली. मंडळात जेमतेम नऊ बायका. तिनं आधी सांगितलं की ह्यांनी तिकडे कुणाला जेवू घातलं नाही, ते मी माझ्या मनचं सांगत आले. मग एकादशीचं ते पान वाचून दाखवलं, आणि त्या फिनाईलचं पुढं काय झालं तेही. नवऱ्यानं हातानं कालवलं, एवढं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. "कालवलं गेलं" म्हणाली.

मग कल्पनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ही कल्पना तिची जिवाभावाची मैत्रीण. म्हणाली, "अगं, तुला काय ठाऊक? न कळत घडलं त्याचं पाप नसतं. आता मनाला लावून घेऊ नकोस." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, आणि तिकडचे लोक तसे राकटच असतात, त्यांना पचतं. त्यावर लगेच दत्तजयंतीचा विषय निघाला, शिरा साजूक तुपातला की वनस्पती तुपातला, आणि रवा किती भाजायचा ते अंबिकेलाच विचारलं. तिनं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, कुणीतरी मला उठून जा म्हणावं. कुणी म्हटलं नाही. इतक्या लवकर सुटका झाल्याची लाज पहिल्या लाजेहून जड होती.

दत्तजयंतीला गोपाळकृष्ण स्वतःहून तिच्याबरोबर निघाले. पुढं गेले नाहीत. मागच्या अंगणात बाह्या सरसावून कढया घासायला बसले. यशोधन तिथंच पाणी भरत होते, त्या दिवशी टोमणा न मारता त्यांनी भरलेली बादली इकडे सरकवली.

आरती झाली. भय्यासाहेबांनी माईकवर सांगितलं की आफ्रिकेत हजारो भुकेल्यांना अन्न देणारे आपले गोपाळकृष्ण कोठीवाले प्रकृती ठीक नसल्यामुळे आज सत्काराला उभे राहू शकत नाहीत, आपण त्यांना टाळ्यांनी मान देऊ या. टाळ्या वाजल्या. मागच्या अंगणातला घासण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अंबिकेच्या हातात वरणाची बादली होती. माईकपाशी जावं असं तिला वाटलं. पण पंगत बसली होती, लोक वाट बघत होते, आणि ती तशीच वाढू लागली. चौथ्या पानावर अहल्याकाकू होत्या. ऐंशी पार केलेल्या, अंबिकेला सून म्हणून आल्यापासून बघत आलेल्या. त्या मान वर करून म्हणाल्या, "भाग्याची ग तू. हजारो पोसले तुझ्या नवऱ्यानं."

"नाही काकू," अंबिका म्हणाली. "एकालाही नाही. मी खोटं सांगत होते. तिथलं धान्य फिनाईल घालून नासवलं. ते ह्यांच्या हातानं झालं आणि उपाय मी सांगितला होता."

ती मुद्दाम हळू बोलली नव्हती, तरी गलबल्यात दोन पानांपलीकडे ऐकू गेलं नसेल. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग पानावर आडवा हात धरला, वरण नको म्हणून. वरण सोसत नव्हतं म्हणून, की ऐकलं म्हणून, ते अंबिकेला कळलं नाही, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.

पळीतलं वरण बादलीत परत ओतून ती पुढच्या पानाकडे वळली. तिथं कल्पनाची सून निहारिका बसली होती. पाचशे पानांची गोष्ट तिलाही अंबिकेनंच सांगितली होती, तिच्या हळदीच्या दिवशी. निहारिकेनं हसून वाटी पुढं केली.

"थांब," अंबिका म्हणाली. "आधी ऐक."