हळदीचं तेल

नातवाचा गुडघा सुजला म्हणून आज सुनेनं तेलात हळद गरम केली. त्या वासानं मी पिंपरीतल्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन बसले.

तवा रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोन कंपन्या व्हत्या. त्यांच्यात कबड्डीची खुन्नस लई वर्सांची. एकीकडनं आमचं मालक खेळायचं, दुसरीकडनं माझा धाकला भाऊ गणपा. दोघं आमच्याच खोलीत ऱ्हायचं, एका ताटात जेवायचं. दोघंबी टेंपरवारी. त्या साली जो संघ जिंकंल, त्याचीच पोरं परमनंट व्हणार व्हती.

शेवटची चढाई गणपाची. मालकांनी त्याचा पाय धरला. गणपा मधल्या रेघंकडं सरकत व्हता, वीतभरच ऱ्हायली व्हती. माझ्या पोटात तवा थोरला व्हता. तोंडातनं निघालं, "सोडू नगा!"

मालकांनी सोडला न्हाई. गणपाचा गुडघा पिरगळला.

घरी मी हळद गरम केली. मालकांनी वाटी माझ्या हातातनं घेतली आन् सोताच चोळाय बसलं.

"दाजी, लई घट्ट धरता राव," गणपा म्हनला.

"सोडला असता, तर तूच शिव्या घातल्या असत्यास."

मग गणपा माझ्याकडं बघून हसला. "आक्के, तुजा आवाज पार मैदानात आला बग."

म्हैन्याभरानं त्यो लंगडतच गावाकडं गेला. मालक परमनंट झालं, त्यांच्या पगारावर माझी पोरं शिकली. आता मालकबी न्हाईत आन् गणपाबी न्हाई.

सून म्हनली, "आई, तुमी चोळा, तुमचा हात हलका हाय."

मी वाटी घेतली न्हाई. म्हनलं, तूच चोळ बाई.